जुन्या चांदीला कोटिंग कसं करायचं: एकदाच नीट साफ करा, मग पातळ थर द्या

चांदी काळी पडली की घासायची, परत काळी पडली की परत घासायची, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की दर घासण्यात थोडी चांदी जाते हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. तो काळा थर म्हणजे वरून बसलेली घाण नसते, ती चांदीच असते, हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड झालेली. कापडाला जो काळा डाग लागतो ना, ती तुमच्या आजीच्या अत्तरदाणीची चांदी आहे. एका वेळेला जाते ती अगदी नगण्य, पण वर्षानुवर्षं दर दिवाळीला, दर गौरी-गणपतीला रांगोळी नाहीतर दात घासायची पावडर लावून खसाखसा घासलं की उठावाची फुलं सपाट होतात, मोराच्या पिसाऱ्यातल्या रेघा बुजतात. सगळ्यात आधी जातात ती नावं. जुन्या फुलपात्रांवर, तबकांवर भांडेवाल्याने ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, कोणाकडून कोणाला, गाव, तारीख, वर चि. सौ. कां. वगैरे. तुमच्याकडचं असं एखादं फुलपात्र काढून खिडकीपाशी तिरपं धरून बघा, बरेचदा मधली दोन-तीन अक्षरं पुसट झालेली असतात, कारण अंगठा दाबून घासताना जोर तिथेच पडतो. घराण्याचा लेखी पुरावा म्हणावा असं काही जण हे जपतात आणि ते योग्यच आहे.

म्हणून कोटिंग. पुढचं घासणं शक्य तितकं लांबवायचं हा त्याचा एकमेव उद्देश. वस्तू जास्त चमकावी म्हणून हे करायचं नसतं, उलट चांगलं कोटिंग दिसतच नाही.

आधी चांदी काळी का पडते ते थोडक्यात, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. हवेत हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बोनिल सल्फाइड हे वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात, तेवढेही चांदीला पुरतात, आणि दमट हवेत ही क्रिया भराभर होते. गटार, खाडी, नाला जवळ असेल तर विचारूच नका. घरातल्या घरात अंडी, कांदा, लोकरीच्या शाली, रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद या सगळ्यात गंधक असतं. रबरबँड लावून ठेवलेल्या चमच्यांवर बरोबर रबरबँडच्या रुंदीची काळी रेघ उमटते ती यामुळेच. रंग आधी पिवळसर होतो, मग तपकिरी, मग निळा-जांभळा आणि शेवटी काळा. पिवळसर असताना साफ करणं सोपं, काळं झाल्यावर जास्त चांदी जाते, त्यामुळे कोटिंग करायचंच असेल तर अजून काळं पडायची वाट बघू नका.

आता कोणत्या वस्तूला कोटिंग करायचं नाही ते आधी ठरवू, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोजच्या पूजेतलं ताम्हण, पळी-पंचपात्री, निरांजन, समई यांना लॅकर, म्हणजे सुकून पारदर्शक थर होणारं द्रव कोटिंग, लावू नका. ज्योतीच्या उष्णतेने लॅकर मऊ होतं, करपतं, काही लॅकर तर पेटही घेतं, आणि पाणी, पंचामृत, चंदन, कुंकू यांनी थर कुठेतरी सुटतो आणि मग त्या सुटलेल्या जागेतून काळे कोळ्याचे जाळे पसरल्यासारखे डाग आतून वाढत जातात, ते घासून निघत नाहीत कारण वर लॅकर आहे. देवघरातले टाकसुद्धा तसेच. खंडोबाचा, भवानीचा टाक म्हणजे पातळ पत्र्यावर ठोकलेला उठाव, रोज स्नान घालत असाल तर नुसतं साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने लगेच कोरडं टिपणं हेच त्याचं संरक्षण. ज्या भांड्यातून खातो-पितो, बाळाला ज्या वाटी-चमच्याने भरवतो, त्यालाही कोटिंग नाही, आणि खरं तर रोज वापरात असलेली चांदी फारशी काळी पडतही नाही.

मग काही वस्तू अशा असतात की त्यांचं काळेपण मुद्दाम केलेलं असतं. नक्षीच्या खोबणीत कारागिराने काळं भरलेलं असतं उठाव दिसावा म्हणून, ते साफ करून टाकलं तर वस्तू एकदम नवी आणि सपाट दिसते आणि ते परत आणता येत नाही. बिदरी काम तर पूर्ण वेगळंच प्रकरण, त्यात जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीच्या तारा-पत्रे बसवलेले असतात आणि काळी जमीन ही बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात मिसळून आणलेली असते. तिला लिंबू, चिंच किंवा डिप, म्हणजे चांदी बुडवून साफ करायचा बाजारी द्रव, लागलं की काळी जमीन गेलीच म्हणून समजा. बिदरीला फक्त मेण. सोन्याचा मुलामा असलेल्या वस्तू, मीनाकारी, मोती-खडे बसवलेल्या वस्तू यांना घरी हात लावू नका. आणि वजन घेऊन बघा, पोकळ मुठी, गुलाबदाणीचा बूड यात बरेचदा लाख भरलेली असते, अशी वस्तू कधीही स्पिरिटमध्ये किंवा अॅसिटोनमध्ये बुडवायची नाही, गरमही करायची नाही, लाख वितळून सांध्यातून बाहेर येते. जर्मन सिल्व्हर असेल तर त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं, त्याला हा खटाटोप करायची गरज नाही.

राहिलं काय, तर शोकेसमध्ये किंवा पेटीत असणाऱ्या, वर्षातून एखाद्या वेळेला बाहेर येणाऱ्या वस्तू. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, तबक, मानपत्राची नळी, ढाली, पदकं, जुने तोडे. यांच्यासाठी पुढचं सगळं.

कोटिंगचे मुख्य तीन प्रकार. पहिला मायक्रोक्रिस्टलाइन मेण. रेनेसान्स वॅक्स नावाने मिळतं ते याच जातीचं, त्याचा फॉर्म्युला ब्रिटिश म्युझियमच्या रिसर्च लॅबोरेटरीत तयार झाला. लावायला सोपं, काढायला सोपं, पण संरक्षण लॅकरपेक्षा कमी आणि हाताळलं की वर्षभरात परत लावावं लागतं. घरी करणाऱ्यांनी यापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा अॅक्रिलिक रेझिन, म्हणजे अॅसिटोनमध्ये विरघळणारं पारदर्शक प्लास्टिक, त्यातलं पॅरालॉइड बी-७२. जगभरच्या म्युझियममध्ये काच, मातीची भांडी, धातू सगळ्याला हे वापरतात कारण ते सहसा पिवळं पडत नाही आणि वर्षांनंतरही अॅसिटोनने निघतं. पण आपल्याकडे यात एक गोम आहे. बी-७२ साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं. थंड देशात ही अडचण येत नाही, नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या कपाटात त्याहून जास्त, तिथे हा थर चिकट होतो, धूळ धरतो, गुंडाळलेल्या कापडाची वीणसुद्धा त्यावर उमटते. विदर्भ-मराठवाड्यात असाल तर त्याच जातीचं बी-४८एन घ्या, ते ५० अंशाच्या आसपास मऊ होतं आणि धातूला जास्त चांगलं धरतं, किंवा बी-४४, ते ६० ला. हे दाण्यांच्या रूपात मिळतं, कन्झर्व्हेशनचं, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याच्या कामाचं सामान विकणाऱ्यांकडे.

तिसरा नायट्रोसेल्युलोज लॅकर. अमेरिकेत डेलावेअरमधलं विंटरथर म्युझियम आपल्या चांदीला हेच लावतं. सपाट पसरतं, दिसत नाही, आणि नीट लावलं आणि वस्तूला हात लागला नाही तर वर्षानुवर्षं टिकतं. मात्र जुनं झालं की पिवळं पडतं आणि भयंकर ज्वालाग्राही असतं. हार्डवेअरच्या दुकानात सुतारकामाचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मिळतं ते हे नव्हे बरं का, त्यात लाकडासाठीची इतर द्रव्यं असतात, ते चांदीवर लावू नका. पारदर्शक नेलपेंट, पीयू (पॉलियुरेथेन), दोन भागांचं इपॉक्सी हेही नको, पहिलं जाड आणि डागाळ बसतं आणि बाकीची दोन नंतर काढताना चांदीच खरवडावी लागते. सराफ रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा चढवून देतो म्हणेल, नव्या दागिन्याला खुशाल चढवा, पण जुन्या वस्तूचा रंगच बदलतो आणि तो थर काही साधेपणाने उतरत नाही.

एक चौथा प्रकारही आहे, घरी शक्य नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाल्टिमोरचं वॉल्टर्स आर्ट म्युझियम आणि मेरिलँड युनिव्हर्सिटी यांनी मिळून अॅटॉमिक लेयर डिपॉझिशनने चांदीवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर द्यायचं काम केलं. व्हॅक्यूम चेंबरमध्ये आळीपाळीने दोन वायू सोडतात आणि दर फेरीला साधारण एक दशांश नॅनोमीटर थर चढतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), एकूण जाडी काही दशक नॅनोमीटर. हाताने लावलेलं लॅकर काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) असतं, म्हणजे त्याच्या शेकडोपट जाड. आणि वायू असल्याने जाळीच्या, तारकामाच्या आतल्या कोपऱ्यातही सारखाच थर बसतो, जिथे ब्रश कधीच पोचत नाही. लॅकरची खरी दुखरी जागा तीच, कड आणि खोबण.

आता प्रत्यक्ष काम. पावसाळ्यात करू नका, अगदी नकोच. अॅसिटोन उडताना पृष्ठभाग इतका गार पडतो की हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि थर दुधासारखा पांढुरका होतो. कोकण-मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस, तेसुद्धा सकाळी दव गेल्यावर. जागा हवेशीर पण धूळ नसलेली. देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती काही म्हणजे काही पेटलेलं नको, अॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते आणि जड असल्याने जमिनीलगत लांबपर्यंत सरपटत जाते. लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क घ्या, साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

सुरू करायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ठसे आणि नावं जवळून. मग साफसफाई. लॅब केमिकलच्या दुकानातून प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट आणा, म्हणजे अगदी बारीक खडूची पावडर, फळ्यावरचा खडू कुटून चालणार नाही, त्यात खडे असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ पिठल्याइतपत कालवा. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून बोळा करा, त्यात बुडवा आणि वस्तूवर हलक्या हाताने छोटे छोटे गोल फिरवा, जोर अजिबात नाही. बोळा काळा झाला की टाकून नवा घ्या, तोच वळवून वापरला तर त्यात अडकलेले कण ओरखडे पाडतात, त्यामुळे एका पानदानाला ढीगभर बोळे लागतात आणि अख्खी दुपार जाते, जाऊ द्या. खोबणीतलं काळं शिल्लक ठेवा. नावाच्या अक्षरांवर तर फक्त फिरवायचं आणि सोडून द्यायचं, थोडा करडेपणा राहिला तरी चालेल, अक्षर राहिलं पाहिजे.

बाजारात मिळणारं डिप नको, त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतो, ते सांध्यात मुरतं आणि काही महिन्यांनी तिथूनच डाग फुटतात. अॅल्युमिनियमची फॉइल, सोडा आणि गरम पाण्याची युक्ती रोजच्या चमच्यांना ठीक, जुन्या वस्तूला नाही, पृष्ठभाग निस्तेज खरखरीत होतो आणि खोबणीतलं मुद्दाम ठेवलेलं काळंही निघून जातं. आणि सराफाकडे उजाळा द्यायला तर पाठवूच नका. अॅसिड, तारेचा ब्रश, वर बफिंगचं मशीन, वस्तू आरशासारखी होऊन येते आणि घरच्यांना आनंद होतो, पण आपण मघाशी बोललो ती अक्षरं त्या मशीनवर काही सेकंदात जातात.

मग डिस्टिल्ड वॉटरने खडू पूर्ण काढायचा, मऊ ब्रशने खोबण्याखोबण्यांतून. इथे आळस केला तर लॅकर बसल्यावर तो खडू पांढऱ्या रेघांसारखा कायमचा दिसत राहतो. कोरड्या मलमलीने टिपा, हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून सांधे वाळवा. आता हातात नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, लॅटेक्सचे नकोत कारण त्या रबरात गंधक असतं. यापुढे उघड्या बोटाचा स्पर्श नाही. अॅसिटोन लावलेल्या कापसाने सगळा पृष्ठभाग पुसून तेलकटपणा काढा, कापूस पांढराशुभ्र राहीपर्यंत. बोटाचा एक ठसा राहिला तर तो लॅकरखाली हळूहळू चांदी खातो आणि काही महिन्यांनी बोटाच्या रेषांसकट काळा उमटतो. स्वच्छ झालेली चांदी त्याच दिवशी कोट करायची, उद्यावर टाकायची नाही.

मेण लावणार असाल तर पुढचं सोपं आहे. मऊ सुती चिंधीवर मेण अगदी थोडं घ्या, मुगाच्या दाण्याएवढं एका तळहाताच्या जागेला पुष्कळ झालं, पसरवा, काही मिनिटं थांबा आणि दुसऱ्या कोऱ्या कापडाने हलकेच पुसत चमक आणा. दुसऱ्या दिवशी अजून एक हात. खोबणीत मेण साचू देऊ नका, पांढरं दिसतं. पानदानाच्या बिजागऱ्या, कड्या, जिथे धातू धातूवर घासतो तिथे कायम मेणच, लॅकर तिथे फुटतं.

लॅकरसाठी अॅक्रिलिक रेझिनचे १० ग्रॅम दाणे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत १०० मिली अॅसिटोनमध्ये लटकत ठेवा, घट्ट झाकण लावून. बरणीच्या तळाला नुसते टाकले तर गोळा होऊन बसतो. सकाळपर्यंत विरघळतं. पहिला प्रयोग आजीच्या तबकावर नको, चांदीचं एखादं नवं नाणं किंवा साधा पेला घ्या आणि त्यावर हात बसू द्या. मऊ केसांचा चपटा ब्रश, केस न गळणारा, त्याची धातूची पट्टी चांदीला लागणार नाही असा धरायचा. एका दिशेने, वरून खाली, एक पट्टा मारला की त्यावर परत फिरायचं नाही, कारण अॅसिटोन सेकंदात सुकतं आणि परत फिरलात की ब्रश अर्धवट सुकलेला थर ओढून सुरकुत्या पाडतो. म्हणूनच मोठ्या, नक्षीदार वस्तूंना तज्ज्ञ लोक अॅसिटोनऐवजी हळू सुकणारं सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) वापरतात किंवा वाफ ओढून घेणाऱ्या केबिनमध्ये स्प्रे मारतात. घरी लहान आणि साधी वस्तूच घ्या. मोठी गुलाबदाणी असेल, घराण्याची मौल्यवान वस्तू असेल तर कन्झर्व्हेटरकडे द्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्व्हेशन सेंटर आहे, निदान कोणाकडे जावं हे तिथे विचारता येईल.

एक दिवस सुकू द्या, वर खोका उपडा घालून, म्हणजे धूळ बसणार नाही. मग दुसरा पातळ हात, आणि कडांना थोडं जास्त लक्ष, धारदार कडेवरून ओलं लॅकर मागे सरकतं आणि तिथला थर सगळ्यात पातळ राहतो, काळं पडायला सुरुवात नेहमी तिथून होते. आता उजेडात तिरपं धरून तपासा. इंद्रधनुष्यी झाक दिसली तर थर फार पातळ आहे, प्लास्टिकसारखी चकाकी किंवा बुडाशी थेंब साचलेले दिसले तर फार जाड. पांढुरकं दिसलं तर दमट हवा. या तिन्हीत डागडुजी करत बसू नका, अॅसिटोनने सगळं काढा आणि परत लावा, काढता येतं हाच तर या कोटिंगचा गुण आहे.

दोन-तीन दिवस उघडं ठेवून मगच गुंडाळा. धुतलेली, खळ नसलेली मलमल, मग झिपलॉकची पॉलिथीन पिशवी, आत सिलिका जेलची पुडी आणि अँटी टार्निश पट्टी. लाल मखमलीची पेटी कितीही छान दिसली तरी तिचं अस्तर आणि डिंक काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा वस्तू पिशवीत घालूनच पेटीत. शोकेसमध्ये ठेवली तर खाली लोकरीचं फेल्ट नको. धूळ मऊ ब्रशने झटका, कापडाने पुसू नका, आणि घरातल्या मदतनीस ताईंना, सुनेला, पाहुण्यांना सगळ्यांना सांगून ठेवा की याला पावडर लावायची नाही, कारण कौतुकाने घासून ठेवलेल्या एका दिवसात सगळी मेहनत जाते.

वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, कडा आणि नावाची अक्षरं भिंगाखाली बघा. बारीक काळा धागा किंवा ठिपका दिसला म्हणजे तिथे थराला भोक आहे. तो वाढायच्या आत जुना थर पूर्ण उतरवून नव्याने करा, मेण असेल तर मिनरल टर्पेंटाइनने निघतं, अॅक्रिलिक आणि नायट्रोसेल्युलोज अॅसिटोनने. आणि पिशवीत एक चिठ्ठी ठेवा, पेन्सिलने लिहिलेली, कोणतं कोटिंग, किती टक्के, कशात विरघळवलं, किती हात, तारीख, आणि कशाने निघेल. वीस वर्षांनी ही वस्तू ज्याच्या हातात जाईल त्याला नुसतं बघून वरती काय लावलंय ते कळणार नाही, चिठ्ठी असली की तो थेट योग्य बाटली उघडेल.